विज्ञानाचार्य डॉ. मेघनाद साहा : जीवन व कार्य

आपल्या निवासी शाळेत सायंकाळची वंदना आटोपली की मुले एका पंगतीत जेवायला बसतात. कोणाचे ताट कोठे मांडावे आणि कोणी कोणाच्या शेजारी बसावे, हा प्रश्न येथे कोणाच्या मनाला शिवत नाही. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, तिचे मोल कधी कधी आम्हा शिक्षकांनाही विसरायला होते. स्मरणिकेसाठी विज्ञानाच्या एखाद्या थोर आचार्याचे चरित्र लिहावयाचे ठरले, तेव्हा याच पंगतीमुळे आम्हांला डॉ. मेघनाद साहा यांचे स्मरण झाले. ताऱ्यांची उष्णता मोजण्याचे गणित जगाला देणाऱ्या या शास्त्रज्ञाला विद्यार्थीदशेत वसतिगृहाच्या भोजनगृहात इतरांसोबत बसू दिले गेले नव्हते.

मेघनाद साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याजवळील शेवरातली या खेड्यात झाला. वडील जगन्नाथ साहा यांचे किराणामालाचे लहानसे दुकान होते. आई भुवनेश्वरीदेवी. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. जन्माच्या रात्री वादळी पाऊस कोसळत होता, म्हणून मुलाचे नाव मेघनाथ ठेवले गेले आणि पुढे त्यांनी स्वतःच ते बदलून रावणपुत्राचे मेघनाद हे नाव धारण केले, असे सांगितले जाते. त्यांचे घराणे शौंडिक समाजाचे. मद्यविक्रयाच्या परंपरागत व्यवसायावरून बंगालचा उच्चवर्णीय समाज या जातीला हीन लेखत असे. विषमतेच्या जिन्यावर प्रत्येक जातीची पायरी वेगळी असते. साहांची पायरी आमच्या पूर्वजांच्या पायरीइतकी खालची नव्हती. पण जिना तोच होता, हे त्यांच्या आयुष्यात पावलोपावली दिसून येते.

गावात प्राथमिक शाळेपलीकडे शिक्षणाची सोय नव्हती. मुलाने दुकानात बसावे असे वडिलांना वाटे. पुढची शाळा सुमारे दहा किलोमीटरवर शिमुलिया गावी होती आणि तेथे राहण्याचा खर्च घराला झेपणारा नव्हता. तागाच्या कंपनीत नोकरी करणारे थोरले बंधू जयनाथ यांनी धावपळ केली आणि शिमुलियाचे वैद्य अनंतकुमार दास यांनी मुलाला आपल्या घरी विनामूल्य ठेवून घेतले. मात्र मेघनादने आपले जेवलेले ताट आपणच धुवावे आणि घरच्या गाईची देखभाल करावी, असे ठरले. वैद्यबुवांचा उपकार मोठाच, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या उपकारातही ताटाची शिवाशीव होती, हे इतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टिआड करू नये. या शाळेच्या अंतिम परीक्षेत मेघनाद ढाका जिल्ह्यात पहिले आले आणि त्यांना दरमहा चार रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

या शिष्यवृत्तीच्या बळावर १९०५ मध्ये ते ढाका कॉलेजिएट स्कूलमध्ये दाखल झाले. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली. लेफ्टनंट गव्हर्नर बॅमफिल्ड फुलर यांच्या शाळाभेटीवर काही विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. त्यांत मेघनादही होते. त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले आणि शिष्यवृत्तीही गेली. बारा वर्षांच्या गरीब मुलाचे शिक्षण येथेच संपायचे. परंतु किशोरीलाल ज्युबिली स्कूल या खासगी शाळेने त्यांना आश्रय दिला आणि १९०९ च्या प्रवेश परीक्षेत ते पूर्व बंगालमध्ये पहिले आले. ढाका कॉलेजात दोन वर्षे काढून १९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले.

प्रेसिडेन्सीत त्यांना जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू लाभले. सत्येंद्रनाथ बोस वर्गमित्र होते. १९१३ ची बी. एस्सी. आणि १९१५ ची एम. एस्सी. या दोन्ही परीक्षांत सत्येंद्रनाथ पहिले आणि मेघनाद दुसरे आले. वर्गात सारे याप्रमाणे गुणांवर चालले होते, परंतु वसतिगृहात मात्र जात चालत होती. ईडन हिंदू हॉस्टेलमधील काही उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी साहांसोबत एका भोजनगृहात जेवण्यास हरकत घेतली. सरस्वतीपूजेच्या वेळीही त्यांना दूर ठेवण्यात आले. ज्याच्या बुद्धीचा सारे कॉलेज गौरव करीत होते, त्यालाच विद्येच्या म्हणवल्या जाणाऱ्या देवतेपाशी जाण्याची मनाई! अखेर साहांनी ते वसतिगृह सोडले. काही मित्रही त्यांच्या बाजूने उभे राहून त्यांच्यासोबत बाहेर पडले. या मित्रांची आठवण आपल्या मुलांना आवर्जून सांगावी असे आम्हांला वाटते. कारण अन्याय सोसणाऱ्याइतकेच, सुखाची जागा सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसणारेही समाज घडवीत असतात.

शिक्षण संपल्यावर अर्थखात्याच्या परीक्षेला बसून घराचे दारिद्र्य दूर करावे, असा त्यांचा विचार होता. परंतु क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून सरकारने परवानगी नाकारली. साहा सकाळ-संध्याकाळ सायकलवरून फिरून शिकवण्या करू लागले आणि त्या कमाईवर स्वतःचा व धाकट्या भावाचा खर्च भागवू लागले. १९१६ मध्ये आशुतोष मुखर्जी यांनी नव्या विज्ञान महाविद्यालयात त्यांना व्याख्याता नेमले. येथून त्यांचे अध्यापकाचे जीवन सुरू झाले आणि ते चाळीस वर्षे, अखेरच्या दिवसापर्यंत चालले.

पदवी गणिताची आणि शिकवायचे होते भौतिकशास्त्र, तेही एम. एस्सी. च्या वर्गाला. साहा स्वतः रात्री शिकत आणि दिवसा शिकवीत. ढाक्यात असताना त्यांनी जर्मन भाषा शिकून घेतली होती, ती आता कामी आली. त्यांनी व सत्येंद्रनाथांनी मिळून आइनस्टाइनच्या सापेक्षतेवरील जर्मन निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. याच काळात साहांनी प्रकाशाच्या दाबासंबंधी एक दीर्घ निबंध अमेरिकेतील नियतकालिकाकडे पाठविला होता. छपाईच्या खर्चाचा काही भाग लेखकाने सोसावा, असे उत्तर आले. तुटपुंज्या पगारात ते शक्य नव्हते. निबंध मागे पडला आणि त्यातील कल्पनेचे श्रेयही बऱ्याच अंशी हातचे गेले. बुद्धी असून केवळ पैशापायी मागे राहणे म्हणजे काय, हे आपल्या अनेक पालकांना निराळे सांगावयास नको.

परंतु १९२० च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये सूर्याच्या वर्णावरणातील आयनीभवनावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि खगोलशास्त्राची दिशाच पालटली. त्याचे सार विद्यार्थ्यांना समजेल असे सांगता येते. सूर्याचा किंवा ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पाहिला तर रंगपट्ट्यावर बारीक रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. एका ताऱ्यात कॅल्शियमच्या रेषा ठळक, तर दुसऱ्यात हायड्रोजनच्या. त्यावरून त्या ताऱ्यात तेच द्रव्य अधिक आहे, असे समजले जाई. साहांनी दाखविले की, यामागचे मुख्य कारण तापमान आहे. अति उष्णतेने अणूतील इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतो, आणि इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूच्या रेषा मूळ अणूहून वेगळ्या असतात. तापमान आणि दाब ठाऊक असेल तर किती अणू असे फुटलेले असतील, हे सांगणारे समीकरण त्यांनी मांडले. आता केवळ प्रकाशाच्या रेषा पाहून ताऱ्याची उष्णता सांगता येऊ लागली. सूर्यावरील डाग इतर भागाहून थंड असल्याने तेथे रुबिडियमच्या रेषा आढळाव्यात, हे त्यांचे भाकीत अमेरिकेतील वेधशाळेत खरे ठरले. पुढे १९२५ मध्ये सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने हेच समीकरण वापरून तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत, हे दाखवून दिले.

लंडन व बर्लिन येथील प्रयोगशाळांत काही काळ काम करून साहा १९२१ मध्ये परतले आणि १९२३ मध्ये अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी पंधरा वर्षे काढली. साधने अपुरी आणि अध्यापनाचा भार मोठा असूनही त्यांनी तेथे संशोधनाची परंपरा उभी केली. दौलतसिंग कोठारी यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली घडले. बी. एन. श्रीवास्तव यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला उष्णताशास्त्रावरील ग्रंथ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला. १९२७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १९३४ साली मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे ते अध्यक्ष होते. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचविले गेले, पण ते पारितोषिक त्यांना लाभले नाही.

साहा केवळ प्रयोगशाळेत रमणारे नव्हते. १९२२ च्या उत्तर बंगालच्या महापुरात ते आचार्य प्रफुल्लचंद्रांसोबत मदतकार्यात होते. विज्ञान सामान्यांपर्यंत पोचावे म्हणून १९३५ पासून त्यांनी सायन्स अँड कल्चर हे मासिक चालविले. १९३८ मध्ये ते प्राध्यापक म्हणून कलकत्त्याला परतले. त्याच वर्षी शांतिनिकेतनातील व्याख्यानात त्यांनी देशाच्या मागासलेपणाचे मूळ दाखविले. जातिव्यवस्थेने विचार करणारा मेंदू आणि काम करणारा हात यांची ताटातूट केली, पोथी जाणणाऱ्याला मान आणि हुन्नर जाणणाऱ्याला अपमान दिला, म्हणून येथे विज्ञान खुंटले, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावरून मोठा वाद झाला. तेव्हा त्यांनी ढाक्याच्या एका वकिलाची गोष्ट सांगितली. साहांनी आपले संशोधन समजावून सांगितले, तर वकीलसाहेब म्हणाले की यात नवे काहीच नाही, सारे वेदांत आहे. कोणत्या वेदात, असे विचारताच त्यांनी आपण वेद वाचले नसल्याचे कबूल केले. साहांनी मात्र वेद व शास्त्रे वाचून पाहिली आणि आधुनिक विज्ञान त्यांत नाही, हे निर्भयपणे लिहिले. ऐकीव गोष्ट परंपरेने आली म्हणून स्वीकारू नये, स्वतः तपासून घ्यावी, ही तथागतांची शिकवण. ती पाळणारा हा शास्त्रज्ञ आम्हांला आपला वाटतो, तो यामुळेच.

१९४३ मध्ये दामोदर नदीला विनाशकारी पूर आला आणि कलकत्त्याचा देशाशी संपर्क तुटला. त्यानंतर नेमलेल्या चौकशी समितीत साहा होते. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर पूरनियंत्रण, वीज आणि सिंचन यांची एकत्रित योजना व्हावी, असा आग्रह त्यांनी लेखांतून धरला होता. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दामोदर खोऱ्याची योजना बाबासाहेबांनी आपल्या खात्यामार्फत पुढे नेली आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. पंगतीतून उठविलेला एक आणि पाणवठ्यावरून हाकललेला दुसरा, अशा दोघांच्या विद्वत्तेचा लाभ लक्षावधी लोकांना जात न विचारता झाला.

स्वातंत्र्यानंतर साहांनी कलकत्त्यात अणुभौतिकी संस्था उभारली. ११ जानेवारी १९५० रोजी इरेन जोलिओ-क्युरी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९५२ मध्ये ते वायव्य कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. निर्वासितांचे पुनर्वसन, शिक्षण, उद्योग आणि अणुऊर्जा या विषयांवर त्यांनी सरकारला सडेतोड प्रश्न विचारले. याच काळात ते पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष होते. देशात सुमारे तीस पंचांगे चालत होती आणि परंपरागत गणनेमुळे वर्षारंभ वसंतसंपातापासून सुमारे तेवीस दिवस सरकला होता. समितीचा अहवाल १९५५ मध्ये सादर झाला आणि त्यानुसार राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून अमलात आली. ती पाहण्यास साहा हयात नव्हते.

१६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना वाटेतच ते कोसळले. रक्तदाबाचा विकार जुना होता. हृदयविकाराच्या त्या झटक्यातून ते वाचले नाहीत. त्यांचे वय बासष्ट वर्षांचे होते. पार्थिव कलकत्त्यास नेऊन तेथे अंत्यसंस्कार करण्यात आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. एकाच वर्षात देशाने दोन ज्ञानवंत गमावले.

साहांना वैद्यांच्या घराचा आसरा आणि खासगी शाळेचे दार वेळेवर मिळाले नसते, तर शेवरातलीच्या किराणा दुकानात आणखी एक दुकानदार बसला असता आणि जगाला ते समीकरण देण्यास दुसरा कोणी यावा लागला असता. अशी किती दारे बंद राहिली आणि त्यांच्याबाहेर किती मेघनाद उभे राहून परतले, याची नोंद इतिहासाच्या कोणत्याही दप्तरात नाही. बाबासाहेबांनी १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले, ते याच जाणिवेतून. मुलाला पुस्तकाआधी अपमानाविना मिळणारे ताट आणि निजायला जागा लागते. आपली शाळा त्याच परंपरेतील आहे. माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी हे दार उघडे ठेवण्यास हातभार लावावा, आणि येथील मुलामुलींनी रात्री मैदानावर उभे राहून ताऱ्यांकडे पाहताना त्यांची उष्णता कोणी मोजली, हे आठवावे.

विज्ञानाचार्य डॉ. मेघनाद साहा यांच्या स्मृतीस आम्ही विनम्र अभिवादन करतो. जय भीम!