गळ्यात गाव घेऊन आलेले अण्णाभाऊ

गोवंडी सोडलं की पुढं मानखुर्दला साठेनगर ही वस्ती लागते. ज्यांच्या नावाची ती वस्ती, ते अण्णाभाऊ साठे राहिले इथून जवळच, घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत. तेही गाव सोडून आलेलेच!

वाळवा तालुक्यातलं वाटेगाव हे त्यांचं गाव. तिथल्या मांगवाड्यात 1 ऑगस्ट 1920 रोजी वालूबाई आणि भाऊराव यांना मुलगा झाला, तुकाराम. शाळा म्हणाल तर जेमतेम दीड दिवसाची. पण हलगी, पोवाडे, लावण्या कानावर पडत होत्या आणि ऐकलेलं विसरायचं नाही अशी बुद्धी. दहा-बारा वर्षांचा असताना घरचे सगळे मुंबईला निघाले, तेही पायी. गाडीभाड्याला पैसा कुठला? मुंबईत त्यानं हमाली केली, फेरी केली, गिरणीत राबला. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकला. मधे गावी परतला, तेव्हा नात्यातल्या बापू साठेंच्या तमाशाच्या फडात रमला.

ही शिदोरी मुंबईत कामी आली. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. ढोलकी तीच, सोंगाड्या तोच. पण गणात गणपतीऐवजी धरतीला आणि कष्टकऱ्यांना वंदन. पुढं सरकारनं तमाशावर बंदी आणली, तर यांनी त्याला लोकनाट्य म्हटलं आणि खेळ चालू ठेवला. गावाकडची कला जपायची म्हणजे कपाटात ठेवायची, हे त्यांना कधी पटलंच नसतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली त्यांची ‘माझी मैना’ आपल्यापैकी अनेकींनी ऐकली असेल. बायको गावाकडं, नवरा मुंबईत, आणि त्या ताटातुटीत बेळगाव-कारवारचं दुःख मिसळलेलं. मला मात्र ते ऐकताना दरवेळी वाटतं, मुंबईतल्या गड्याचं मन आपल्याला कळलं, पण गावातली मैना पहाटे जात्यावर काय गात असेल? तिच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या का? आपल्या आज्या अशाच तर मैना होत्या.

बायांचं जगणं अण्णाभाऊंना दिसत नव्हतं असं नाही हं. तमाशात नाचणाऱ्या बाईला त्यांनी ‘वैजयंता’ कादंबरीची नायिका केलं. 1961 साली त्यावर चित्रपटही आला. 1959 च्या ‘फकिरा’त तर अख्खं वाटेगाव आहे. गावची जत्रा भरावी म्हणून शेजारच्या गावातून जोगणी आणणारा आणि त्यापायी जीव गमावणारा राणोजी तिथंच भेटतो. या कादंबरीला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला.

नाव झालं, रशियाही पाहून झाला, दारिद्र्य काही हटलं नाही. शेवटी चिरागनगर सुटलं, गोरेगावला सिद्धार्थनगरात घर मिळालं. तिथंच 18 जुलै 1969 रोजी, पन्नाशीही गाठण्याआधी, ते गेले.