विश्लेषण : पेशीच्या दोन पेशी कशा होतात? वाल्थर फ्लेमिंग यांनी काय शोधले?

मानवी शरीरात दर सेकंदाला लाखो पेशींचे विभाजन होते. प्रत्येक वेळी गुणसूत्रांची अचूक समान वाटणी व्हावी लागते. ती बिघडल्यास कर्करोगाचा धोका संभवतो. ही वाटणी कशी होते, हे सविस्तर दाखवून दिले जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनी. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग वेगळे.

कोण होते फ्लेमिंग?

त्यांचा जन्म २१ एप्रिल १८४३ रोजी श्वेरिन शहराजवळ झाला. वडील मनोविकारतज्ज्ञ होते. वाल्थर यांनीही वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १८७०-७१च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम केले. पुढे प्रागमध्ये अध्यापन करून १८७६ मध्ये ते कील विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

शोध कसा लागला?

पेशी जवळजवळ पारदर्शक असल्याने सूक्ष्मदर्शकातून आतले फारसे दिसत नसे. फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर या उभयचराच्या अळ्यांच्या मोठ्या पेशी निवडल्या आणि त्यांना ॲनिलिन रंग दिले. केंद्रकातील धाग्यांसारख्या द्रव्याने रंग चटकन शोषला. या द्रव्याला त्यांनी ‘क्रोमॅटिन’ नाव दिले. मात्र रंगवलेली पेशी मृत असते, तिच्यात एकच क्षण गोठलेला दिसतो. म्हणून अशा अनेक क्षणांची चित्रे त्यांनी क्रमाने लावली आणि जिवंत पेशींशी ताडून पाहिली. धागे आखूड व जाड होतात, उभे चिरले जातात आणि दोन्ही भाग विरुद्ध टोकांकडे सरकतात, असे त्यांना आढळले. १८८२ मधील ग्रंथात त्यांनी या क्रियेला ‘मायटॉसिस’ म्हटले. शाळेत शिकवले जाणारे सूत्री विभाजन ते हेच.

काय निसटले?

मेंडेल यांचा आनुवंशिकतेवरील निबंध १८६६ मध्येच प्रसिद्ध झाला होता, पण फ्लेमिंग यांना तो माहीत नव्हता. त्यामुळे या धाग्यांचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध त्यांच्या लक्षात आला नाही. ४ ऑगस्ट १९०५ रोजी कील येथे त्यांचे निधन झाले.

आज महत्त्व काय?

विभाजनाचा इशारा कोण देते, हे कोडे फ्लेमिंग यांच्या काळात सुटले नाही. ग्रंथानंतर बरोबर १०० वर्षांनी, १९८२ मध्ये, टिम हंट यांना समुद्री अर्चिनच्या अंड्यांत ‘सायक्लिन’ प्रथिने सापडली. मानवी पेशीत ‘सायक्लिन बी१’ केंद्रकाबाहेर साठते, विभाजन सुरू होताना केंद्रकात शिरते आणि काम झाल्यावर नष्ट केले जाते. व्हिन्क्रिस्टिनसारखी कर्करोगावरील औषधे गुणसूत्रांना ओढणारे तंतूच तयार होऊ देत नाहीत. फ्लेमिंग यांनी चितारलेली हालचाल थांबवणे, हाच या उपचाराचा आधार आहे.