बंदुकीचा धक्का आणि ब्राउनिंग

मागच्या दिवाळीत अमेरिकेतल्या माझ्या मामेभावाचा फोन आला. हवेत उडवलेल्या मातीच्या थाळ्या फोडण्याचा खेळ तिकडे असतो, दादाला त्याचा नाद लागलाय. त्यासाठी त्याने १२ बोअरची पंप-अ‍ॅक्शन शॉटगन घेतली आणि पहिल्याच रविवारी पन्नास बार काढून उजवा खांदा काळानिळा करून घेतला. आता त्याला धक्का कमी करणारा दस्ता बसवायचा होता. बाजारात स्प्रिंगचे, हायड्रॉलिकचे, जाड रबराचे असे ढीगभर प्रकार. मी मेकॅनिकलला, म्हणजे मला ठाऊक असणारच अशी त्याची भाबडी समजूत! मी एनसीसी कॅम्पात पॉइंट टू-टू रायफलचे पाच बार काढलेला माणूस. तिला धक्का असा नसतोच. पण ब्रँचच्या इज्जतीचा प्रश्न होता. बघून सांगतो म्हणालो आणि वाचायला बसलो. वाचता वाचता भेटला जॉन मोझेस ब्राउनिंग. दस्ता राहिला बाजूला.

जॉनचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या युटा प्रांतात ऑग्डेन गावी. वडील जोनाथन बंदुका करणारे. मॉर्मन पंथाचे, तीन बायका, बावीस मुलं! जॉन वडिलांच्या दुकानातच वाढला. शाळा फारशी झाली नाही. दहाव्या वर्षी त्याने भंगारातून पहिली बंदूक जुळवली असं सांगतात. त्या वयात आपण सायकलची चेन बसवताना बोटं काळी करत होतो.

१८७९ साल त्याच्या आयुष्यात मोठं गडबडीचं. त्याच वर्षी लग्न झालं, वडील गेले आणि एका बारी रायफलचं पहिलं पेटंटही मिळालं. भावांना हाताशी धरून त्याने ती रायफल गावातच बनवायला घेतली. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचा बडा अधिकारी बेनेट स्वतः ऑग्डेनला आला आणि ८,००० डॉलर मोजून तिचे हक्क घेऊन गेला. पुढची जवळजवळ वीस वर्षं हेच चाललं. ब्राउनिंगने डिझाइन करायचं, विंचेस्टरने एकरकमी विकत घ्यायचं. त्यातली कित्येक डिझाइन्स तर प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नयेत म्हणून नुसती कपाटात पडून राहिली.

दादाच्या बंदुकीची पणजी याच काळातली. १८९३ चं पंप मॉडेल आणि ते मजबूत करून काढलेलं मॉडेल १८९७. पुढची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर, पुढे ढकलली की नवं आत. इतकं साधं आणि दणकट की १९५७ पर्यंत दहा लाखांहून अधिक नग निघाले.

पण या रचनेत एक गोष्ट आहे. सगळं काम हात करतो, धक्क्याला काहीच काम नाही. मग तो जाणार कुठे? खांद्यात! जरा गणित करू. काडतुसात ३२ ग्रॅम छर्रे, वेग सेकंदाला ३६५ मीटर, बंदूक ३.२ किलोची. संवेग सारखा ठेवला तर बंदूक सेकंदाला ३.६५ मीटर वेगाने मागे येते, म्हणजे साधारण २१ जूल. गॅस आणि बुचाचा वाटा आणखी वेगळा. बंदूक ४ किलोची केली तर हेच १७ जूल. आणि बंदूक तीच ठेवून छर्रे २४ ग्रॅम केले तर १२ जूल!

ब्राउनिंगने हे असं कागदावर मांडलं की नाही, देव जाणे. पण वाया जाणाऱ्या शक्तीकडे त्याचं लक्ष होतं. १८८९ च्या सुमारास नेमबाजी बघताना बाराबरोबर नळीसमोरचं गवत झुकताना त्याला दिसलं. सगळ्यांनीच ते हजारदा पाहिलेलं. याने घरी जाऊन त्या गॅसवर चालणारी बंदूक बनवायला घेतली! त्यातूनच पुढे कोल्ट कंपनीची १८९५ ची मशीनगन आली.

मग त्याने धक्क्यालाच कामाला लावलं. त्याच्या स्वयंचलित शॉटगनमध्ये बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेले असेच मागे सरकतात. मग स्प्रिंग नळीला पुढे नेते, बोल्ट मागे थांबतो, रिकामं काडतूस उडतं आणि बोल्ट नवं घेऊन पुढे येतो. शिवाय वाटेत घर्षणाची एक कडी. जड आणि हलक्या काडतुसासाठी ती वेगवेगळी बसवायची. आपल्या भाषेत डॅम्पर! संवेग तेवढाच, पण तो सावकाश खांद्यापर्यंत पोहोचतो.

या बंदुकीसाठी त्याने पहिल्यांदा रॉयल्टी मागितली. विंचेस्टरने नकार दिला. १९०२ च्या जानेवारीत तो रेमिंग्टनच्या अध्यक्षांना भेटायला गेला आणि कचेरीत वाट बघत असतानाच ते हृदयविकाराने वारल्याचं कळलं. आपण असतो तर घरी येऊन झोपलो असतो. हा पठ्ठ्या बंदूक घेऊन थेट बोटीने बेल्जियमला, हेरस्टालच्या एफएन कारखान्यात गेला. तीच ही ऑटो-५. १९९८ पर्यंत ती बनत होती.

पुढे १९११ चं पिस्तूल आलं. चाचणीत ६,००० गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेसाठी मशीनगन आणि बीएआर रायफल केली. रॉयल्टीने कितीतरी जास्त मिळाले असते, पण सरकारने देऊ केलेल्या साडेसात लाख डॉलरवर तो राजी झाला.

इथवर मी हिरोची गोष्ट वाचल्यासारखा वाचत होतो. मग कळलं की २८ जून १९१४ ला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारणारं पिस्तूल याच्याच डिझाइनचं, एफएन १९१०. त्या रात्री पुस्तक मिटलं. संरक्षण क्षेत्रातल्या नोकरीचा फॉर्म माझ्याही टेबलावर पडलाय. ड्रॉइंगवर सही करताना ती वस्तू कुणाच्या हातात जाणार हे दिसत नाही. ब्राउनिंगलाही दिसलं नसणार. फॉर्म अजून भरलेला नाही, फाडलेलाही नाही.

२६ नोव्हेंबर १९२६ ला हेरस्टालच्या कारखान्यातच, मुलगा व्हॅल याच्या खोलीत ब्राउनिंगचं हृदय थांबलं. नावावर १२८ पेटंटं.

असो. दादाला मी एवढंच सांगितलं की धक्का नाहीसा होत नाही, तो फक्त वाटता येतो. जास्त वेळावर, जास्त जागेवर, जास्त वजनावर. म्हणून आधी खांदा बरा होऊ दे. मग चापापासून टोकापर्यंत दस्त्याची लांबी तुझ्या हाताच्या मापाची आहे का बघ. दस्ता खांद्याला घट्ट लाव, फट ठेवलीस तर मार बसणारच. मऊ रबराचं पॅड लाव, काडतूस २४ ग्रॅमचं घे. एवढं करूनही दुखलं तरच स्प्रिंगचा महागडा दस्ता, आणि तोही स्वतः बार काढून बघूनच, कारण सरकणारा दस्ता कधी कधी गाल घासतो.

त्याचा दस्ता लांब निघाला. आखूड केला, पॅड लावलं. परवा फोन आला, शंभर बार काढले आणि खांदा शाबूत आहे. ब्रँचची इज्जत वाचली!