हेरांचे नायक बहिर्जी

आपल्या सुरत शहराच्या इतिहासात एका मराठी पुरुषाचे नाव क्वचितच घेतले जाते. कारण नाव लपविणे हाच त्यांचा व्यवसाय होता. श्रीशिवछत्रपतींच्या हेरांचे प्रमुख बहिर्जी नाईक हेच ते पुरुष होत.

त्यांच्या जन्माचा व बालपणाचा विश्वसनीय वृत्तान्त उपलब्ध नाही. कृष्णाजी अनंत सभासद यांच्या बखरीत मात्र जासुदांचे नायक म्हणून त्यांचा उल्लेख येतो. वेषांतरात ते निष्णात होते, असे परंपरा सांगते. सुरतेच्या अगणित द्रव्याची बातमी महाराजांना त्यांनीच आणून दिली.

सुरत हे त्या काळी मोगलांचे अतिशय संपन्न बंदर होते. परंतु शहराला भक्कम तट नव्हता. आणि शहराचा अधिकारी इनायतखान ५०० शिपायांचे वेतन उचलीत असूनही तितके शिपाई पदरी बाळगीत नसे. धन कोठे आहे हे कोणीही सांगेल. पहारा कोठे नाही हे हेरालाच कळते.

जानेवारी १६६४ मध्ये मराठी फौज जवळ आली, तेव्हा ती बादशहाच्याच एका सरदाराची असल्याची बतावणी करण्यात आली. ६ जानेवारीस फौज शहरात शिरली आणि इनायतखान किल्ल्यात दडून बसला. त्याने तहाच्या मिषाने पाठविलेल्या वकिलाने महाराजांवर खंजीर उगारला. पण सावध अंगरक्षकाने त्याचा हात तत्काळ छाटला. इंग्रज व डच यांनीही शस्त्रे सज्ज ठेवून आपापल्या वखारी राखल्या. १० जानेवारीस महाराज परतले. पुढे मोगलांनी शहराला पक्का तट बांधला.

१६७९ मध्ये जालन्याहून परतताना महाराजांना शत्रूने गाठले. त्या संकटात बहिर्जींनी आडवाटांनी त्यांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचविले. सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर बहिर्जींची समाधी दाखविली जाते.

विद्यार्थिमित्रांनो, हे चरित्र आज विशेष मननीय आहे. आता वेषांतरासाठी मनुष्य लागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे निर्दोष भाषेत पत्र लिहितात. एखाद्याच्या आवाजाची व चेहऱ्याचीही हुबेहूब नक्कल करतात. पूर्वी अशुद्ध भाषेवरून खोटे पत्र ओळखू येई. ती खूण आता नाहीशी झाली. २०२४ च्या आरंभी हाँगकाँग येथे उघडकीस आलेल्या एका प्रकरणात, चित्रफितीवरील बनावट वरिष्ठांवर विश्वास ठेवून एका कर्मचाऱ्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर भामट्यांच्या हवाली केले. आपल्यापैकी अनेकांचे पालक कापड व हिऱ्यांच्या पेढ्यांत काम करतात. असा दूरध्वनी त्यांनाही येऊ शकतो.

मात्र रक्षकाच्या हातीही तेच साधन आहे. संगणकांच्या जाळ्यातील नित्याचा व्यवहार यंत्र शिकते आणि काही विपरीत दिसताच सूचना देते. परंतु यंत्राने सावध करूनही मनुष्य झोपलेला असेल, तर काय उपयोग? म्हणून पैशाची मागणी आल्यास दूरध्वनी बंद करावा, आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर त्या व्यक्तीस स्वतः विचारावे. मोठ्या रकमेस दोघांची संमती असावी. फसगत झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

इनायतखानाचे शिपाई कागदावरच राहिले. आपली सावधगिरी तशी राहू नये, हाच बहिर्जींच्या चरित्राचा बोध होय.