थीडा बारा

थीडा बारा (जन्म : २९ जुलै १८८५, सिनसिनाटी, ओहायो, मृत्यू : ७ एप्रिल १९५५, लॉस एंजेलिस) या अमेरिकन मूकपटांतील प्रख्यात अभिनेत्री होत. पुरुषाला मोहात पाडून त्याचा सर्वनाश करणाऱ्या ‘व्हँप’ नायिकेची प्रतिमा पडद्यावर रूढ झाली ती मुख्यतः त्यांच्यामुळे.

त्यांचे मूळ नाव थिओडोशिया बर गुडमन. वडील पोलंडमधून आलेले ज्यू शिंपी होते. विद्यापीठातील शिक्षण अपुरे सोडून त्या रंगभूमीकडे वळल्या. परंतु तेथे त्यांचे नाव फारसे झाले नाही. विल्यम फॉक्स यांच्या ‘अ फूल देअर वॉज’ (१९१५) या चित्रपटाने मात्र त्या एकाएकी प्रकाशात आल्या. त्यांचा जन्म इजिप्तमध्ये झाल्याची कथा फॉक्स कंपनीने पसरवली. वास्तविक त्या देशाशी त्यांचा काहीही संबंध नव्हता.

एकाच साच्यातील भूमिकांचा त्यांना लवकरच कंटाळा आला. ऑक्टोबर १९१६ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये त्यांनी शेक्सपिअरची ज्युलिएट साकारली. दिग्दर्शक जे. गॉर्डन एडवर्ड्स होते, तर रोमिओ हॅरी हिलियर्ड. नाटकातील ज्युलिएट चौदा वर्षांचीही नाही. बारा तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या. शिवाय मेट्रो कंपनीनेही त्याच महिन्यात याच शोकांतिकेवरील चित्रपट पडद्यावर आणला. त्यात फ्रान्सिस बुशमन व बेव्हर्ली बेन होते. दोहोंपैकी सरस कोणता, हे ठरवण्याचा मार्ग आता उरलेला नाही. दोन्ही चित्रपट नष्ट झाले आहेत.

त्या काळची नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे. ९ जुलै १९३७ रोजी न्यू जर्सीतील लिटल फेरी येथे फॉक्सच्या कोठारास आग लागली आणि कंपनीचे बहुतेक मूकपट भस्मसात झाले. आपल्या कारकिर्दीचा हा अंत बारा यांच्या हयातीतच झाला.

फॉक्सशी असलेला करार १९१९ मध्ये संपला. १९२१ मध्ये त्यांनी दिग्दर्शक चार्ल्स ब्रेबिन यांच्याशी विवाह केला. १९२६ नंतर त्या पडद्यावर दिसल्या नाहीत.

त्यांच्या चाळीसहून अधिक चित्रपटांपैकी मोजकेच संपूर्ण उपलब्ध आहेत. सर्वांत गाजलेल्या ‘क्लिओपात्रा’चे (१९१७) काही क्षणांचे तुकडे शिल्लक आहेत. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची केवळ स्थिरचित्रे पाहावयास मिळतात.