जठराच्या खिडकीतून पाहणारा डॉक्टर : विल्यम ब्यूमाँट

खाल्लेल्या अन्नाचे जठरात नेमके काय होते, याबद्दल दोनशे वर्षांपूर्वी डॉक्टरांमध्येच एकमत नव्हते. जठर जात्यासारखे अन्न दळते, असे काही जण मानत. अन्न तिथे आंबते किंवा शरीराच्या उष्णतेने शिजते, असेही काहींना वाटे. इटलीतील स्पालान्झानी यांनी अठराव्या शतकातच जठररस शरीराबाहेरही अन्न विरघळवतो हे दाखवले होते, पण जिवंत माणसाच्या जठरात महिनोन् महिने डोकावून पाहणे कुणाला शक्य झाले नव्हते. ते ज्यांनी केले, ते विल्यम ब्यूमाँट वैद्यकीय महाविद्यालयाची पायरीही चढले नव्हते.

२१ नोव्हेंबर १७८५ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात लेबनन या गावी एका शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते घर सोडून उत्तरेकडे गेले, काही वर्षे शाळेत शिकवले आणि मग व्हर्माँटमधील एका डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी केली. त्या काळी डॉक्टर होण्याची ती सर्रास रीत होती. १८१२ मध्ये परवाना मिळाला. त्याच वर्षी इंग्लंडशी युद्ध सुरू झाले आणि ब्यूमाँट सैन्यात दाखल झाले. पुढे काही वर्षे खासगी व्यवसाय करून ते पुन्हा सैन्यात परतले आणि मॅकिनॅक बेटावरच्या किल्ल्यात त्यांची नेमणूक झाली. हे बेट म्हणजे कातड्यांच्या व्यापाराचे एक मोठे ठाणे होते.

६ जून १८२२ रोजी तिथल्या कंपनीच्या दुकानात बंदुकीचा बार चुकून उडाला. समोर हातभर अंतरावर अलेक्सिस सेंट मार्टिन हा फ्रेंच-कॅनेडियन नावाडी उभा होता. त्याच्या डाव्या कुशीत मोठे भगदाड पडले. बरगड्या मोडल्या, फुप्फुस बाहेर डोकावू लागले आणि जठराला भोक पडून सकाळचा नाश्ता जखमेतून बाहेर आला. तो वाचेल असे ब्यूमाँटनाही वाटले नाही. पण तो वाचला. पहिले सतराएक दिवस खाल्लेले सगळे बाहेर पडत होते, तेव्हा गुदद्वारावाटे पोषक द्रव देऊन त्याला जगवले गेले. जखम भरली, पण जठराची कड छातीच्या त्वचेला चिकटून भोक कायमचे राहिले. याला जठराचा फिस्टुला म्हणतात. (फिस्टुला म्हटले की आपल्याकडे फक्त भगंदर आठवते, पण शरीरात तयार झालेल्या अशा कोणत्याही अनैसर्गिक वाटेला हा शब्द लागू पडतो.) पुढे जठराच्या अस्तराची एक घडी आतून झडपेसारखी त्या भोकावर आली. बोटाने ती सारली की आतले सगळे दिसे.

वर्षभराने स्थानिक प्रशासनाने या निराधार माणसाचा खर्च थांबवला. ब्यूमाँटनी त्याला आपल्या घरी नेले. तिथे तो रुग्णही होता आणि घरगडीही.

१ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी बारा वाजता ब्यूमाँटनी रेशमी दोऱ्याला मांसाचे वेगवेगळे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी बांधून भोकातून आत सोडला. तासाभराने पाहिले तर कोबी आणि पाव निम्मे विरघळले होते, मांस तसेच होते. दोन वाजता बरेचसे तुकडे दोऱ्यावरून नाहीसे झाले होते. नंतर त्यांनी जठररस काढून बाटलीत घेतला, त्यात मांस टाकले आणि बाटली सुमारे १०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे शरीराच्या उष्णतेइतकी, गरम ठेवली. तिथेही मांस विरघळले, फक्त वेळ जास्त लागला. दळणे, आंबणे, शिजणे यांपैकी काहीच नाही. पचन ही रासायनिक क्रिया आहे, याचा हा सरळ पुरावा होता. रसाचा नमुना तपासणाऱ्या रसायनतज्ज्ञांना त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल सापडले. या रसात आम्लाशिवाय आणखी काहीतरी असावे, असा ब्यूमाँटचा कयास होता. तो बरोबर निघाला. १८३६ मध्ये जर्मनीत श्वान यांनी पेप्सिन शोधले.

आपल्याकडे आंबट ढेकर आली की पित्त झाले म्हणतात. खरे तर ते जठरातले आम्ल असते. पित्तरस यकृतात तयार होतो आणि लहान आतड्यात उतरतो. निरोगी जठरात तो सहसा नसतो, हे ब्यूमाँटनी नोंदवले. सेंट मार्टिन संतापला की मात्र तो जठरात दिसे आणि पचनही मंदावे. आणि त्याला संतापायला कारणे भरपूर होती.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच नोंद. सेंट मार्टिन काही दिवस सलग दारू प्यायला की त्याच्या जठराचे अस्तर लालभडक होई, त्यावर चट्टे पडत, रसही कमी सुटे. पण तो स्वतः पोट दुखते असे म्हणत नसे. आज एंडोस्कोपीत आम्ही हेच पाहतो. दारू पिणाऱ्यांत आणि गुडघे-कंबरदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांत जठराला व्रण होऊनही दुखत नाही, असे बरेचदा घडते. अशा व्यक्तीला डांबरासारखी काळी शौचास झाली किंवा विनाकारण धाप लागू लागली, तर पोट दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

ब्यूमाँट चुकलेही. लाळेचा पचनात काही वाटा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अन्न थेट भोकातून घातल्यावर तोंडाचे काम दिसणार कुठून! पिष्टमय पदार्थांचे पचन लाळेपासूनच सुरू होते, हे आता आपल्याला ठाऊक आहे.

१८२५ मध्येच सेंट मार्टिन न सांगता कॅनडाला निघून गेला. तिथे त्याने लग्न केले. ब्यूमाँटनी कातडे व्यापाऱ्यांच्या माणसांकरवी त्याचा माग काढला आणि १८२९ मध्ये तो बायको-मुलांसह पश्चिमेकडच्या फोर्ट क्रॉफर्डला आला. १८३१ मध्ये कुटुंबाला होडीत बसवून मिसिसिपी आणि ओहायो नद्यांच्या वाटेने तो परत माँट्रियलकडे गेला. जठराला भोक असलेला माणूस एवढा प्रवास करतो, यावरून त्याची प्रकृती कळते. १८३२ मध्ये दोघांत लेखी करार झाला : वर्षाला १५० डॉलर, राहणे-जेवण-कपडे, आणि बदल्यात जठर प्रयोगांसाठी खुले. लिहिता न येणाऱ्या सेंट मार्टिनने सहीच्या जागी फुली मारली. आज कोणतीही नैतिकता समिती असा करार मान्य करणार नाही. जीव वाचवणारा डॉक्टर, घरमालक आणि पगार देणारा एकच असेल, तर रुग्ण नाही कसा म्हणेल? तरी तो पळून गेला, हेच त्याचे नाही म्हणणे होते, असे मी समजतो.

१८३३ मध्ये ब्यूमाँटचे पुस्तक निघाले. त्यात दोनशेहून अधिक प्रयोग आणि ५१ निष्कर्ष होते. पुढच्या वर्षी सेंट मार्टिन गेला तो कायमचाच. ब्यूमाँटनी त्याला बोलावण्याचे प्रयत्न सोडले नाहीत, पण तो आला नाही. ते सैन्यातून बाहेर पडून सेंट लुइस शहरात व्यवसाय करत राहिले. १८५३ मध्ये बर्फाळ पायऱ्यांवरून घसरून त्यांच्या डोक्याला मार लागला आणि २५ एप्रिलला त्यांचे निधन झाले.

सेंट मार्टिन त्यांच्यानंतर २७ वर्षे जगला, तेच भोक घेऊन. १८८० मध्ये तो वारला तेव्हा डॉक्टरांना त्याचे जठर हवे होते. कुटुंबाने मृतदेह पुरता कुजेपर्यंत ठेवला आणि मग कुणी उकरू नये म्हणून नेहमीपेक्षा बराच खोल खड्डा खणून पुरला.