कुकरची शिट्टी आणि कमला सोहोनी

शिरोळ असो की जयसिंगपूर, वरणाची डाळ आपण शिजवूनच खातो. का, हे कधी विचारलंय? ज्यांनी या प्रश्नावर लॅबमध्ये काम केलं, त्यात एक मराठी नाव आहे : डॉ. कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांच्या या धाकट्या बहीण.

१९३३ मध्ये मुंबईतून बीएस्सी झाल्यावर त्यांनी बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटला अर्ज केला. वडील आणि काका तिथेच शिकलेले. पण संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी चक्क नकार दिला! कमलाताई हटल्या नाहीत, थेट सत्याग्रहावर आल्या. शेवटी प्रवेश मिळाला, पण वर्षभर प्रोबेशन. काम पसंत पडलं तरच ॲडमिशन पक्की. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर इतकं चोख काम केलं, की पुढे रामन यांनी इतर मुलींनाही दार उघडलं.

मग केंब्रिज. तिथे बटाट्यात त्यांना 'सायटोक्रोम सी' हे प्रथिन सापडलं. वनस्पतीच्या पेशीलाही श्वसनासाठी ते लागतं, हे त्यातून समजलं. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. विज्ञानात ती मिळवणारी पहिली भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

आता प्रथिन म्हणजे काय, ते बघा. अमिनो आम्लांचे मणी ओवलेली माळ, ही पहिली पातळी. माळेचा काही भाग स्प्रिंगसारखा वळतो किंवा पट्ट्यांसारखा शेजारी बसतो, ती दुसरी. अख्खी माळ घडी होऊन ठरावीक आकार घेते, ती तिसरी. अशा अनेक माळा एकत्र आल्या की चौथी. हिमोग्लोबिनमध्ये चार असतात. सायटोक्रोम सी एकाच माळेचं, म्हणून तिसरीवरच थांबतं. कमलाताईंच्या काळात हा आकार कुणी पाहिलेला नव्हता. प्रथिनाचा त्रिमितीय आकार पहिल्यांदा दिसला १९५८ मध्ये, त्याच केंब्रिजमध्ये.

मुंबईत परतल्यावर विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर आणि डाळींवर काम केलं. कच्च्या डाळीत ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणारी प्रथिनं असतात. त्यांची अडवण्याची ताकद घडीत असते. उष्णतेनं बऱ्याच घड्या सुटतात, माळ मात्र शाबूत राहते आणि आपल्याला पचते.

१९९८ मध्ये कमलाताई गेल्या. आज रात्री कुकरची शिट्टी झाली, की आत काय सुटतंय ते घरी सांगा. आणि यावर काम करणाऱ्या बाईला आधी वर्षभर प्रोबेशनवर ठेवलं होतं, हेही सांगा.